मामांच्या चतुःसीमा

पाहुण्याला आधी उपाशीपोटी तीन मैल चालवून मग पाटावर बसवणारा माणूस चिखलीच्या आसपास एकच, तो म्हणजे आमचे थोरले मामा. निजामाच्या वेळी त्यांच्या पणजोबांना गुरांसाठी कुरण इनाम मिळालेलं, आणि त्याच्या चारी हद्दी पाहुण्याला दाखवल्याखेरीज मामांच्या घशाखाली घास उतरत नसे. माझ्या लग्नानंतर आमच्या नव्या नवरीलाही त्यांनी शालूसकट फिरवलं. "पूर्वेले नाला, दक्षिणेले टेकडी, उत्तरेले गाडीवाट अन् पश्चिमेले थो अंजनाचा बुंधा. ध्यानात ठेव, सूनबाई." बिचारी पुढे आठ दिवस शालूतली कुसळं वेचत होती.

इनामाची सनद फारसीत होती. घरात ती वाचता कुणालाच येत नव्हती, म्हणून सगळे तिची पूजा करत. दर दसऱ्याला तिच्यावर हळद, कुंकू, अक्षता आणि वर पळीभर पाणी. मामांचा हात या बाबतीत भलताच सढळ होता.

मग एका वर्षी नागपूरहून सरकारी साहेब इनामांच्या चौकशीला आले. मीही खामगावहून मुद्दाम गेलो होतो. कुरणातच मुन्शीने सनद उलगडली. पूर्व वाचली, दक्षिण वाचली, उत्तर वाचली आणि थांबला. पश्चिमेच्या ओळीवर नुसतं कुंकू होतं. आमच्या भक्तीने अक्षरं पार धुऊन नेली होती. सगळ्यात सकस गवत त्याच अंगाला. ते गेलं तर मामांना निम्मी गुरं विकावी लागणार होती.

साहेब भला माणूस. म्हणाले, "बुंध्यापर्यंतची हद्द सनदेत लिहिलेली होती, एवढं शपथेवर सांगा. मी मान्य करतो."

मी मनात म्हटलं, चला, सुटलो. हा गृहस्थ झोपेतही हद्दी बरळतो. मामांनी पागोटं सारखं केलं, बराच वेळ त्या बुंध्याकडे पाहिलं. "माह्या बापानं सांगतलं होतं, साहेब. म्या कागदात वाचलं नाही."

पश्चिमेचं कुरण सरकारजमा झालं.

परतताना माझा जीव नुसता तुटत होता. न राहवून मी चिडलोच, "मामा, एक शब्द बोलायचा होता. काऊन नाही बोललात?"

"बोललो असतो रे बाबू," मामा म्हणाले, "पण मंग बाकीच्या तीनही खोट्या झाल्या असत्या ना."

एवढं बोलून ते नाल्यात पाय धुवायला उतरले. मी काठावर त्यांच्या वहाणा हातात घेऊन उभा राहिलो.