अण्णाचा अंगठा

मी शाळेत गणित शिकवते आणि फावल्या वेळात व्हिडिओ गेममधल्या माणसांची चित्रं काढते. खेळता मात्र मला एकही गेम येत नाही. लहानपणी अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, कॉम्प्युटरवर खेळायचा आणि मी मागं स्टुलावर बसून त्या चिलखत घातलेल्या लढवय्यांकडं बघत राहायची. तो जिंकायच्या नादात, मी त्यांच्या बुटांच्या. मग वहीच्या मागच्या पानावर त्यांना काढून अण्णाला दाखवायची. त्याला दयामाया नव्हती. हातात तलवार आहे का लाटणं, ह्याला मान का नाही दिली, असं काहीबाही विचारायचा. मी रुसायची, पण दुसऱ्या दिवशी मान दुरुस्त करून पुन्हा हजर.

पुढं अण्णा आमच्या गावाजवळच्या मच्छ्यातल्या कारखान्यातली नोकरी सोडून आखातात गेला. आता मी फोनवर चित्र पाठवते आणि तो एक अंगठा पाठवतो. चित्र कसंही असो, अंगठा तोच. त्या अंगठ्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. कौतुक नको होतं मला. त्यानं पूर्वीसारखी चूक काढायला हवी होती.

शेवटी चूक काढणारं कुणीतरी हवं म्हणून मी इंटरनेटवरच्या एका गटात शिरले. तिथं नवशिके आपापली चित्रं टाकतात आणि जाणकार काय बिघडलंय ते सांगतात. मी माझी लाडकी धनुष्यवाली बाई टाकली, सोबत आणखी दोन-चार जण. एका अनोळखी माणसानं लिहिलं, तुझ्या सगळ्यांचे हात अंगाला चिकटलेत, दोन पायांच्या मधून पलीकडचं काही दिसत नाही, साच्यातून काढल्यासारखे उभे आहेत. आधी नाकाला मिरच्या झोंबल्या. मग जुनी चित्रं काढून बघितली आणि एकटीच हसत सुटले.

साच्यातूनच आले होते ते. दिवाळीत आम्ही अंगणात मातीचा किल्ला करायचो. त्यासाठी खडेबाजारातून कोरे मावळे आणायचे आणि मी ते रंगवायचे, असा रिवाज. साच्यातल्या मावळ्याचा हात कमरेला लागूनच असतो आणि पायांमध्ये माती भरलेली असते, नाहीतर तो घरी पोचेपर्यंत मोडेल. माणूस उभा कसा राहतो हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते. एवढ्या चुका काढणाऱ्या अण्णाला ही कधी दिसली नाही, कारण तोही तेच मावळे बघत मोठा झाला.

पुष्कळ खाडाखोड केली. बाईचा हात अंगापासून सोडवला, एक पाय पुढं टाकायला लावला, मधून आभाळ दिसू दिलं. गटातल्यांनी वाहवा केली. मला मात्र ती अण्णालाच दाखवायची होती. पाठवली. अंगठा आला.

त्या रविवारी दुपारी मी सरळ फोन लावला आणि त्याला झापलं. जरा बघून तरी चूक काढ की, म्हटलं.

“खरं सांगू? मी उघडतच न्हाय गं चित्रं,” अण्णा म्हणाला. “बघितलं की घरी यावंसं वाटतंय. मग दिवसभर कामात जीव लागत न्हाय.”

तो घरी यावा असं मलाही वाटत होतं, फार वाटत होतं. पण ते बोलले असते तर रडू आलं असतं. म्हणून म्हटलं, आत्ता उघड, मी आहे फोनवर.

त्यानं उघडलं. पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.

“पाय लई लांब झाल्यात गं,” तो म्हणाला.

पाय लांब नव्हते. मी पट्टी लावून काढले होते.

“व्हय अण्णा,” मी म्हटलं, “जरा लांबच झाल्यात.”