देवघराच्या खणावरची काळी पूड

आमच्या एडिसन गावातल्या घरी चोरी झाली, तेव्हा पुरावा चोरानं नाही, माझ्या आईनं नष्ट केला.

बॉस्टनला बहिणीकडे दोन दिवस राहून आम्ही पहाटे निघालो आणि दहाच्या सुमाराला घरी पोचलो. मागचं दार फोडलेलं होतं. मी अंगणातून पोलिसांना फोन करत होते, तेवढ्यात ही बाई आत शिरून फडकं घेऊन कामालाही लागली. दारांच्या मुठी, ओटा, ड्रॉवर, सगळं लख्ख. मी ओरडले तर म्हणते, "घरी माणसं यायचीत. पोलीस झाले म्हणून काय, त्यांनी पसारा बघायचा?"

माझ्या बांगड्या गेल्या, लॅपटॉप गेला. आईच्या तोंडी मात्र एकच होतं, बाबांचं घड्याळ. जुनं, किल्लीचं. बाबा गेल्यापासून रोज पूजा झाली की ती त्याला किल्ली द्यायची. प्रवासात हरवायला नको म्हणून या खेपेला ते देवघराच्या खणात ठेवलं होतं. देवांच्या भरवशावर! खण उघडाच होता, रिकामा.

डिटेक्टिव्ह आला तो साठीला टेकलेला, जाडजूड गृहस्थ. आल्याआल्या त्यानं बुटांवर कागदी मोजे चढवले आणि आईनं त्याला तिथंच पास केलं. लख्ख घर बघून तो चिडला नाही. तिच्यासमोर बसला आणि मला मध्ये घालून विचारू लागला, आत आल्यापासून काय काय पुसलंत, क्रमानं सांगा. आई सांगत गेली, तो लिहीत गेला. मग पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझा पारा चढला. तो शांतपणे वही बघत होता. मग देवघराकडे बोट करून म्हणाला, "हे एकदाही आलं नाही."

"येईल कसं?" आई म्हणाली. "आंघोळ कुठं झाली होती माझी? पारोश्यानं देवाला हात लावू?"

मी भाषांतर केल्यावर तो खो खो हसला. मग ब्रश काढून त्यानं परवानगी मागितली. "देवांना नको, खणाला लाव बाळा," आईनं त्या साठीच्या बाळाला सांगितलं. काळी पूड फिरली आणि खणाच्या कडेवर एक अंगठा स्वच्छ उमटला. तो आमच्यापैकी कुणाचा नाही, याची खात्री करायला त्यानं आमचेही ठसे घेतले.

आईनं मायदेशी परतायचं तिकीट पुढं ढकललं. दर पंधरवड्याला त्याचा फोन यायचा, सांगण्यासारखं काही नसलं तरी. तेवढ्यासाठी मला तो माणूस फार आवडायला लागला.

तीन महिन्यांनी तो घड्याळ घेऊन दारात उभा राहिला. अंगठ्याचा मालक सापडला होता. बांगड्या वितळवून झाल्या होत्या, पण घड्याळाला कुणी गिऱ्हाईकच मिळालं नव्हतं. आई किल्ली देत असताना त्याचं लक्ष देवघराकडे गेलं. खणावरची काळी पूड तशीच होती.

"हे का नाही पुसलं?" त्यानं विचारलं.

आईनं मान वर केली नाही. "तुझं काम कुठं संपलं होतं?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. त्यानं ओट्यावरचं फडकं उचललं आणि तो स्वतःच खण पुसायला निघाला. आईनं त्याला हातानं थांबवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आधी विचार त्याला, आंघोळ करून आलायस ना?"