दुकानात म्हटलं, दिवे लावायचेत

बहिणीनं वाघोलीत फ्लॅट घेतला आणि वास्तुशांत ठरली. बाबांना जायचंच होतं. पण त्यांना ऑक्सिजनचं मशीन सतत लागतं, आणि तिकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून सोबत नेता येईल असा बॅटरीवरचा छोटा इन्व्हर्टर आणायला मी बिबवेवाडीतल्या एका दुकानात गेलो.

"मॉडिफाइड की प्युअर साइन वेव्ह?" दुकानदारानं मान वर न करता विचारलं.

"फरक काय?"

"मॉडिफाइडची वीज ठेचकाळत येते, प्युअरची घरच्यासारखी. चालवायचंय काय, ते सांगा."

दुकानात आणखी चारजण उभे. घरातलं आजारपण परक्यांपुढे काढायचं नाही, हे आमच्याकडचं वळण. म्हटलं, "दिवे. मोबाइलचा चार्जर."

"मग मॉडिफाइड न्या. दिव्याला काय कळतंय?"

आणि मी शहाण्यासारखा तो घेऊन आलो! त्याच्यावर चिडावं, तर तो बिचारा विचारत होता.

घरी मशीन जोडलं. ते घरघरायला लागलं, तापलं आणि दहा मिनिटांत टीं-टीं करत बंद पडलं. बाबा नाकातली नळी धरून माझ्याकडे बघत राहिले. मी धावत प्लग भिंतीतल्या सॉकेटला लावला, तर मशीन निमूट चालू. चूक तिथेच कळली होती. तरी तोंडातून निघालं, "मशीन जुनं झालंय, बाबा. बॅटरीवर टिकत नाही."

"मग मी येत नाही. पूजेच्या दिवशी तिची पळापळ नको."

बहिणीला फोनवर मी तेच सांगितलं. ती रडली.

पूजा बाबांशिवायच झाली. पुढच्याच आठवड्यात मी गुपचूप प्युअरवाला आणला, मशीन दुरुस्त झाल्याची आणखी एक थाप मारली. आता ते छान चालतं, पण बाबा उंबरा ओलांडत नाहीत. "एकदा दगा दिला ना त्यानं?" वर्षभर मी त्यांना मशीनची हमी देतोय, तीही वैतागून, त्यांच्यावर ओरडून. खरं कारण पोटात ठेवून दुसऱ्याला पटवायचं कसं, हे कोणी सांगावं.

गेल्या रविवारी बाबांपुढे सगळं ओकलो.

"म्हणजे मशीन ठीक होतं?"

"हो."

"बापाची लाज वाटली होय रे?"

"लाज नाही हो. सवय."

त्यांनी उशाचा मोबाइल माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "तिला फोन लाव. मी काही सांगणार नाही. तूच सांग."

तिनं उचलला. "काय रे, बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत," मी म्हटलं. "तुझ्या पूजेच्या दिवशीही यायला बरे होते. ऐक."