गाडीच्या नाकावर ओलं गोणपाट

सांगतो, पण कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी ऐकताना एकाच्या शर्टावर चहा सांडला होता.

उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागी कशी जाते, या विषयात मी डॉक्टरेट केली आहे. पस्तीस वर्षं सुरतेत कॉलेजात तेच शिकवलं. माणूस प्रेमात पडतो, धंद्यात पडतो. मी नेमका उष्णतेत पडलो. तेही भर मे महिन्यात, हायवेवर!

झालं असं, की पार्किंगमधल्या खांबाला मी गाडी जराशी घासली. जराशीच हो! पण आमच्या अमोलने फर्मान काढलं.

"बाबा, तुम्ही चौऱ्याहत्तरचे झालात. रविवारी आईला घेऊन कामरेजला मावशीकडे रसाचं जेवण जेवून या. गाडी आणि आई, दोन्ही धड परत आली तर किल्ली तुमच्याकडे. नाहीतर मी ठेवून घेणार."

त्यात बायकोने, आमच्या सुमतीने, भर घातली. "एसी तरी कुठे गार करतो हल्ली? नुसता वारा सोडतो."

आता मला सांगा, ज्याने हा विषय जन्मभर शिकवला, त्याने हे ऐकून घ्यायचं? एसी गारवा तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. ती बाहेर टाकायची जाळी असते गाडीच्या नाकामागे, अगदी पुढे. म्हणजे ती जाळी गार ठेवली, तर आत काश्मीर! माठाला ओलं फडकं गुंडाळतो ना आपण? तेच तत्त्व.

रविवारी सकाळी सुमती साडी नेसत होती, तेवढ्यात मी खाली गेलो. बटाट्याचं एक गोणपाट पाण्यात चिंब भिजवलं आणि सुतळीने गाडीच्या नाकावर आवळून बांधलं. तिला सांगितलं नाही. म्हटलं, आश्चर्याचा धक्का देऊ.

आणि काय सांगू! पहिल्या पंधरा मिनिटांतच सुमतीने खांद्यावरून पदर घेतला. "अहो, दुरुस्त करून आणलात की काय?" मी नुसता हसलो. शोध लावणारे लोक हसतात तसा.

पण गोणपाट वाळायला कितीसा वेळ लागणार? कामरेजच्या अलीकडे ट्रक अडकले, रस्ता तुंबला आणि एसीतून कोमट वारा यायला लागला. त्याच वेळी माझं लक्ष इंजिनाच्या तापमानाच्या सुईकडे गेलं. ती लाल रेघेकडे निघाली होती!

इंजिन गेलं की गाडी गेली, गाडी गेली की किल्ली गेली. रेडिएटरमध्ये पाणी घालायचं विसरलो का? झाकण नीट लावलं होतं का? मी मुळात पास तरी झालो होतो का?

आणि एकदम आठवलं. हीटर!

गाडीच्या हीटरला वेगळी शेगडी नसते. इंजिनातलं तापलेलं पाणीच डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीतून फिरतं आणि पंखा तिच्यावरून हवा आत फेकतो. म्हणजे हीटर लावला की इंजिनाची उष्णता आपल्या अंगावर येते आणि इंजिन सुटतं. गाडी घेऊन चौदा वर्षं झाली, पण सुरतेत त्या बटणाला कुणी हात लावला नव्हता. मी एसी बंद केला, काचा खाली केल्या, बटण लाल टोकाला फिरवलं आणि पंखा पूर्ण सोडला.

भट्टीचं दार उघडावं तशी हवा तोंडावर आली. सोबत चौदा वर्षांची धूळ.

"अहो, हे काय करताय?"

"इंजिनाची उष्णता आपण घेतोय."

"आपण का म्हणून? आपण काय रस्त्यावर पडलोय?"

"दहा मिनिटं कळ काढ गं! सुईकडे बघ!"

मी शर्टाची बटणं उघडली. सुमती पदराने मला वारा घालायला लागली. आणि सुई हलली! केसभर, पण खाली! मी छातीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि "देवा!" म्हणालो.

शेजारच्या रिक्षावाल्याला नेमकं एवढंच दिसलं.

"काकाने एटॅक आव्यो!"

क्षणात दार उघडलं. चार जणांनी मला उचलून त्याच्या रिक्षात आडवं केलं. कुणी अँब्युलन्सला फोन लावला. कुणी गाडी कडेला घेतली आणि तो हीटर बंद करायला लागला. मी ओरडलो, "हीटर बंद करू नका! चालू राहू द्या!"

"मे महिनामां हीटर मांगे छे!" एक जण हळहळला. "गया काका!"

"अहो, त्यांना काही झालेलं नाही," सुमती सांगत होती. तिचं मराठी ऐकून रिक्षावाला अहिराणी वळणाच्या मराठीवर आला. तो सुरतेतल्या डिंडोलीचा, मूळचा खानदेशातल्या अमळनेरचा. "माय, तुम्ही घाबरू नका. बाबा, तुम्ही बोलू नका." आणि तिच्या हातातला फोन घेऊन त्याने अमोलला बातमी देऊनही टाकली!

अँब्युलन्स आणि रविवारची पाळी सोडून भेस्तानच्या कारखान्यातून मोटरसायकल उडवत आलेला अमोल एकदमच पोचले. अँब्युलन्समधल्या मुलीने माझं ब्लडप्रेशर मोजलं, पुन्हा मोजलं आणि म्हणाली, "काका, तमारुं तो मारा करतां सारुं छे!" म्हणजे तिच्यापेक्षाही चांगलं!

मी ताडकन उठून गाडीशी गेलो. सुई बरोब्बर मध्यावर! मग मी जमलेल्या वीस-पंचवीस जणांना हीटरचं सगळं तत्त्व समजावलं. ते टाळ्या वाजवायला लागले! पस्तीस वर्षांत माझ्या वर्गात टाळी वाजली नव्हती, मित्रांनो. अमोलसुद्धा म्हणाला, "बाबा, तुम्ही इंजिन वाचवलंत."

तेवढ्यात रिक्षावाला गाडीच्या पुढे गेला.

"पन सर, हाई काय शे? गोणपाट? कोनी बांधं? आते हवा मझार कशी जाई?"

खरंच, गोणपाट बांधल्यावर हवा आत जाणार कशी? सगळे माझ्याकडे बघायला लागले. पापडासारखं कडक झालेलं ते गोणपाट मी सोडलं. उष्णता घेऊन जायला हवा लागते, आणि एसीच्या जाळीमागेच रेडिएटर असतो, हे मी दर वर्षी फळ्यावर काढत होतो हो!

अमोलने आईकडे पाहिलं. "आई, तूच सांग. किल्लीचं काय करायचं?"

सुमतीने सावकाश तोंडावरचा घाम पुसला. तेव्हा मात्र माझं काळीज खरंच धडधडलं.

"राहू दे यांच्याकडेच," ती म्हणाली. "चालवतात नीट. संकटात डोकंही चालतं. फक्त गाडी उभी असताना यांना तिच्याजवळ एकटं सोडायचं नाही."

तर किल्ली अजून माझ्याच खिशात आहे! रोज चालवतो, ताठ मानेने. फक्त खाली चाकातली हवा बघायला वाकलो, की तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून आवाज येतो.

"अहो, काय करताय?"

"काही नाही गं."

"विचार तर करत नाही ना?"