वाघाच्या खांबावरची ओळ

त्या सकाळी वाघदेवाच्या खांबापाशी कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे म्हातारी खोटं बोलते असं कुणी म्हणायला नको. माझा बा होता, आय होती, पाड्याचा भगत होता, जिची शेळी गेली ती बुधी म्हातारी होती, शाळेतली आम्ही नऊ पोरं होतो आणि आमचा मास्तर होता. त्या मास्तराइतका हट्टी माणूस देवानं दुसरा केला नाय. केला असला तर त्याच्या हाताखालच्या पोरांची मला दया येते.

जव्हारच्या राजाच्या अमलात जामसर गावाच्या अंगाला आमच्या पाड्यावर शाळा आली, तिच्यासोबत तो जव्हारहून आला. आमच्यात तू-तुम्ही नसतं. सगळा पाडा त्याला तूच म्हणायचा, आणि तो दर वेळी दचकायचा. त्याचं एकच म्हणणं, जी वस्तू डोळ्याला दिसत नाय तिचा शब्द पोराला शिकवू नये. पुस्तकात जहाज आलं की पान उलटायचा, उंट आला की उलटायचा, द्राक्षं आली की सुस्कारा टाकून उलटायचा. अर्धं पुस्तक असं उलटण्यातच गेलं. मंग चंचीतला चुना बोटावर घेऊन तो पाडाभर लिहीत सुटला. कवाडावर कवाड, कणगीवर कणगी, उखळावर उखळ. पाणी प्यायचं तर आधी मडक्यावरचं वाचायचं, मंग घोट. एका पोरानं खेकडा आणला. तो मास्तराच्या डाव्या अंगठ्याला धरून बसला, आणि हा बाबा उजव्या हातानं पाटीवर लिहितोय, "रडू नका रे, काना कुठे दिला ते बघा!" आमच्या म्हशीच्या पाठीवर पण त्यानं म्हैस लिहिलं. ती चिखलात लोळली की दुसऱ्या दिवशी परत. आय चिडली. "मास्तर, ही म्हैस हाय ते मला ठाऊक हाय. म्हशीला पण ठाऊक हाय. तू सांगतोस कुणाला?" तर म्हणतो कसा, "तुमच्या मुलीला." मी वाचायला शिकले ती त्या म्हशीच्या पाठीवर, हे मात्र खरं.

पण वाघदेवाच्या खांबाला चुना लावायचं त्याला काय नडलं होतं? आम्ही रानात त्या जनावराचं नाव घेत नाय, 'मोठा' म्हणतो. नाव घेतलं की तो येतो. ह्यानं खांबावरच्या कोरीव चित्राखाली 'वाघ' असं ठसठशीत लिहून ठेवलं! तिसऱ्या दिवशी बुधीची शेळी गेली. सगळा पाडा खांबापाशी जमला. भगत म्हणाला, "लिहून बोलावलंस, आता लिहूनच माघारी पाठव. नाय तर उद्यापासून एक पण पोर शाळेत येणार नाय." बा माझ्याकडं बघून म्हणाला, "ही तर आजपासूनच घरी."

मास्तर वाकला, चुन्यानं एक ओळ लिहिली. पण मोठ्या माणसांत अक्षर कुणाला येत होतं? बुधी म्हणाली, "यानं जा लिहिलं का ये लिहिलं, आपल्याला काय कळतंय? पोरीला वाचू दे." मी पुढं झाले. खांबावर लिहिलं होतं, 'वाघाला वाचता येत नाही.'

सांगा, अशा माणसाला काय करावं! माझी शाळा त्या एका ओळीवर लटकलेली, आणि हा तिथं शहाणपण लिहून बसला. मी मोठ्यानं वाचलं, "वाघदेवा, माघारी रानात जा." भगतानं मान डोलावली. बुधीनं हात जोडले. बा म्हणाला, "पोर वाचते गं!" सगळं निभलं होतं. आणि मास्तर ओरडला, "चूक! बोट ठेवून परत वाच!"

मी डोळ्यांनी किती खुणावलं. तो आपला पहिल्या अक्षरावर बोट धरून उभा. मी वाचेना, तेव्हा त्यानं स्वतःच वाचून दाखवलं, मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून. कुणी त्याला मारलं नाय, एवढंच. बानं माझा दंड धरला आणि घरी आणलं. दुसऱ्या दिवशी शाळेत मास्तर एकटा बसला होता. तिसऱ्या दिवशीही.

महिन्याभरात शाळा उठली. जायच्या दिवशी तो आमच्या कुडाबाहेर उभा राहिला. आत बोलवायला कुणी तयार नव्हतं. मी नागली दळत होते. हळूच म्हणाला, "मुली, तू मुद्दाम चुकलीस ना? मला आत्ता आत्ता कळलं गं. तेव्हा वाटलं, माझंच शिकवणं कच्चं राहिलं."

मी जातं थांबवलं नाय. राग होता. पुढं सासर आलं, लावणी आली, मोळ्या वाहून मान वाकली, दोन लेकरं मातीत ठेवली. पाटी काय परत हातात आली नाय. राग अजून हाय. पण जातं थांबवायला हवं होतं, असंही वाटतं.

हे वाचणाऱ्या, तुझ्याकडं एकच मागणं हाय. घरातली पोर वाचताना चुकली तर ओरडू नको. आधी तिच्या तोंडाकडं बघ.