तात्याबाचे गोल

आमच्या शेजारच्या तात्याबानं कंपनीकडून पाकीट घेऊन कामगारांची सभा फोडली, अशी कुरुळीत सध्या आवई आहे. पाकीट खोटं. मिळालं असतं तर त्याच्या बायकोनं, भागूवहिनींनी, आधी मला सांगितलं असतं; त्यांच्या पोटात काही राहत नाही, माझ्या तर मुळीच नाही. सभेचे तुकडे मात्र त्यानं केले, तेही सगळ्यांदेखत.

झालं असं. आमच्या कंपनीत प्रेसखाली सुजितचा उजवा पंजा गेला. पोरगा बीडकडचा, ठेकेदाराच्या हाताखालचा. कंपनी म्हणाली, त्याचाच निष्काळजीपणा. माल लवकर निघावा म्हणून सुपरवायझर सेन्सर बंद करायला लावतो, मग आत हात असला तरी प्रेस थांबत नाही, हे लाइनवर सगळ्यांना ठाऊक. स्टोअरमध्ये बसून मलाही. लोकांनी ते सांगितलं तरच सुजितला भरपाई मिळणार होती. प्रेसवर जन्म काढलेल्या तात्याबानं एकट्यानं सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, एकाच्या बोलण्यावर कसं धरायचं?

म्हणून मंगल कार्यालयात कामगारांची सभा ठरली. पण भरल्या सभेत माइक धरणार कोण? कंत्राटी माणूस बोलला की त्याचा गेटपास बंद. मोठ्या बैठकीत मुक्या बसणाऱ्या बायका पाचसहा जणींत कशा बोलतात, हे तात्याबानं वहिनींच्या बचत गटात पाहिलेलं. तो म्हणाला, "गोल करून बसा. आपसात बोला. मग एकानं उठून गोलाचं म्हणणं सांगायचं. नाव कुणाचंच न्हाई."

आणि लोक बोलले, राव. कॅन्टीनमध्ये पुन्हा भाजी मागायला लाजणारी पोरं बोलली. त्यांच्यातला एक उठला. "आमच्या गोलाचं म्हणणं, सेन्सर रोजच बंद असतो. त्या दिवशीही होता."

चूक तेव्हा कोणालाच दिसली नाही. गोल करा म्हटल्यावर माणसं डब्याला बसतात तशीच बसली होती: लातूरची लातूरच्यांत, जळगावची जळगावच्यांत, बीडची बीडच्यांत. नाव कोणी घेतलं नाही, पण गोल कोणाचा हे सभेतून कोणीतरी वर पोचवलंच. सोमवारी बीडच्या एकाही पोराचा पास गेटवर चालेना. गाद्या गुंडाळून ती गावी गेली. पाकिटाची आवई उठली ती यातून. तात्याबाच्या ताटातली भाकरी आता कुत्र्याला जाते, असं वहिनी सांगतात.

काल पुन्हा सभा झाली. या वेळी तो दारातच उभा राहून एकेकाला वेगवेगळ्या गोलात पाठवत होता. सतरंज्या रिकाम्याच. माणसं भिंतीला पाठ लावून उभी, कोणी खाली बसेना. सुजित बँडेज बांधलेला हात मांडीवर घेऊन एकटाच खुर्चीत. मी चहाचा कप घेऊन सवयीनं टोचलं, "तात्या, आता गोलात काय भुतं बसवणार?"

तो हसला नाही. म्हणाला, "तू पर्मनंट हायेस. तुझा पास कोण बंद करतंय? माझ्या मागं गावभर बोलतोस, आज हितं बोल. बस खाली."