गार्डनवाले भाऊंचे तीन दिवस

वर्षातले तीन दिवस गार्डनवाले भाऊ कुजबुजत बोलायचे. एरवी त्यांचा आवाज असा, की काउंटरवर बसून त्यांनी तंदुरीवाल्याला हाक मारली तर रस्त्यापलीकडचा पंक्चरवालाही मान वर करायचा. पण मे महिन्यात त्यांच्या बागेत आमचं नाटक सुरू झालं, की ते चवड्यांवर चालत आणि भेटेल त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलत. मिक्सर बंद, एक्झॉस्ट फॅन बंद, भांडी घासणं बंद. एका वर्षी शेवटच्या अंकात नायकाचे वडील अखेरचं बोलत असताना आतून मिक्सर घरघरला. भाऊ धावत स्वयंपाकघरात गेले. "अबे, तिकडं माणूस मरून राह्यला, अन् तू चटणी काढून राह्यला?" हे ते त्यांच्या मते हळूच बोलले होते, पण पाचव्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मरणारे वडील म्हणजे मी. हसू दाबता दाबता माझं मरण त्या दिवशी जरा लांबलं.

बुलढाण्याहून मोताळ्याकडे निघालं, की घाट लागायच्या आधी त्यांचं गार्डन होतं. पुढे हिरवळ, कडेनं मेंदीचं कुंपण, चार मोठे कडुनिंब आणि त्यांच्याखाली टेबलं; मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून परमिट रूम. खाली मोताळ्यात मे महिन्यात दिवस मावळला तरी अंगाला झळ लागते, पण इथं वर सात वाजता वारा सुटतो. आमची नाटकमंडळी म्हणजे बुलढाण्यातले आठ-दहा नोकरदार. मी हायस्कुलात शिक्षक, दिग्दर्शक पोस्टात, बाकीचे असेच कुठेकुठे. नाटकं दिग्दर्शक स्वतःच लिहायचे. गावातला हॉल दुरुस्तीसाठी बंद झाला आणि बंदच राहिला, तेव्हा यंदा नाटक होत नाही असं आम्ही भाऊंच्या बागेत जेवता जेवता बोलत होतो. भाऊ काउंटरवरून उठून आमच्या टेबलाशी आले. "आपली बाग हाये ना साहेब," ते दिग्दर्शकांना म्हणाले. "उन्हाळ्यात तसंबी माणूस घरात बसत नाही." शाळेतलं गॅदरिंग सोडलं तर त्यांनी जन्मात नाटक पाहिलेलं नव्हतं.

परमिट रूम तीन दिवस बंद ठेवायची, हे आम्ही सांगितलेलं नव्हतं. ते त्यांनीच ठरवलं. दारावर पाटी लावली: 'तीन दिवस फक्त जेवण आणि नाटक.' पहिल्याच संध्याकाळी त्यांचं रोजचं गिऱ्हाईक, एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर, पाटी वाचून दारातच उभे राहिले. घरी जावं की न जावं, त्यांना सुचेना. भाऊंनी त्यांचा हात धरून पहिल्या रांगेत नेऊन बसवलं आणि हातात मठ्ठ्याचा ग्लास दिला. ड्रायव्हरसाहेब तिन्ही दिवस आले. तिसऱ्या दिवशी नटांच्या आधी तेच वाक्यं म्हणत होते.

भाऊंनी स्वतः मात्र एकही नाटक सलग पाहिलं नाही. सतत त्यांची फेरी चालू. कुणाचं मूल रडतंय, कुठली खुर्ची करकरतेय, रस्त्यावर कोण ट्रॅक्टर उभा करून गाणी वाजवतंय, हे पाहता पाहता त्यांना नाटक तुकड्यातुकड्यानं मिळायचं. मग दुसऱ्या दिवशी मला विचारायचे, "सर, त्या पोरीचं लगन झालं का मंग?" मी सांगायचो की लग्न दुसऱ्याच मुलीचं होतं, ती तर नायकाची बहीण. ते मान डोलवायचे. "तरी म्हटलं, तो काऊन तिच्यावर एवढा चिडून राह्यला."

त्यांच्याकडे पिणारे रोज येत, पण ते स्वतः थेंबालाही शिवत नसत. गिऱ्हाइकानं जास्त घेतली असेल तर त्याची मोटारसायकल आवारातच ठेवून घ्यायचे आणि त्याला आपल्या गाडीवर घरी सोडून यायचे. पार देऊळघाट गावापर्यंत माणसं सोडून आलेत ते. याचं कुणी कौतुक केलं तर त्यांना आवडायचं नाही. "दारू देली कोणं? मीच ना?" एवढं म्हणून ते दुसरा विषय काढायचे.

त्यांचं घर गार्डनच्या मागच्या बाजूला, मध्ये फक्त एक लहान फाटक. पण वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या फाटकातून वीस-बावीस वर्षांत कधी अलीकडे आल्या नव्हत्या. गार्डनच्या कमाईवर घर चाललं, मुलगा शिकला, पण तिथं पाऊल टाकणार नाही हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं आणि पाळलं होतं. कारण आम्हाला माहीत नव्हतं. चांगल्या घरची बाई बारमध्ये कशाला जाईल, इतकाच अर्थ आम्ही लावला होता.

पहिल्या वर्षी आमच्यापुढेही तीच अडचण आली. नाटकात दोन मुली होत्या. त्यातली एक नर्सिंगला होती, तिच्या आईनं स्वच्छ सांगितलं की बारच्या बागेत माझी मुलगी तोंडाला रंग लावणार नाही. भाऊंच्या कानावर हे गेलं. त्यांनी घरी काय सांगितलं, कसं सांगितलं, कोण जाणे. पण नाटकाच्या दिवशी पाच वाजता वहिनी मागच्या फाटकातून आल्या, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत मुलींजवळ बसल्या आणि नाटक संपेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. नर्सिंगवालीची आईही मग त्यांच्याशेजारी येऊन बसली. दिग्दर्शक आभार मानायला गेले, तर वहिनी म्हणाल्या, "पोरींसाठी आली मी. नाटकासाठी नाही." दुसऱ्या वर्षी त्या स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसल्या. तिसऱ्या वर्षी, पहिल्याच दिवशी, तिसऱ्या रांगेत, नर्सिंगवालीच्या आईशेजारी. भाऊ त्या संध्याकाळी एवढे खूश होते की फेऱ्या मारता मारता दर खेपेला तिसऱ्या रांगेकडे एकदा पाहून घेत होते.

तिसऱ्या वर्षीच्या नाटकात मी दारुड्या काका होतो. पुतणीच्या साखरपुड्याला काका पिऊन येतो, असा प्रसंग. मी जे करता येईल ते सगळं केलं. झोकांड्या खाल्ल्या, उचक्या दिल्या, व्याही समजून भाऊंच्या बागेतल्या कुंडीला नमस्कार केला. लोक खुर्च्यांवरून खाली यायचे बाकी होते. माझ्या आयुष्यात मला इतका हशा कधी मिळाला नव्हता. त्याच हशात मला दिसलं, की तिसऱ्या रांगेतून वहिनी उठल्या आणि कुणाकडे न बघता मागच्या फाटकाकडे निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी लवकरच पोहोचलो. भाऊ हिरवळीवर पाणी मारत होते. पाइप खाली टाकून त्यांनी मला खुर्ची दिली. स्वतः बसले नाहीत. वहिनींचा धाकटा भाऊ वडनेर भोलजीला होता, वायरमनचं काम करायचा, हातात फार हुन्नर, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. त्याला गार्डनच्या आधीच दारू लागली होती आणि तिशी ओलांडता ओलांडता तो गेला. गार्डन सुरू झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी.

"माह्या काउंटरवर त्याले मी कधी थेंब देला नाही," भाऊ म्हणाले. "पण दुसऱ्यायचे साले येतच होते ना."

मी म्हटलं, दिग्दर्शकांना सांगून मी तो प्रसंग काढायला लावतो. ते म्हणाले, काढू नका. लोक नाटक पाहायला आले आहेत, नाटक पूर्ण झालं पाहिजे. मग म्हणाले, "सर, राग नका मानू. पण पिणारा माणूस घरी असा झोके खात येत नाही. तो सरळ चालते. लय सरळ चालते. मी पेलो नाही हे समोरच्याले दिसलं पाह्यजे, एवढंच त्याच्या डोक्यात असते."

आणि त्यांनी चालून दाखवलं. खुर्च्यांच्या दोन रांगांमध्ये ते जाडजूड गृहस्थ शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटन लावून, केसांवरून हात फिरवून, नजर जमिनीवरच्या एका रेघेवर ठेवून पावलं टाकत गेले. टोकाला पोहोचल्यावर खुर्चीच्या पाठीला त्यांनी बोटं नुसती टेकवली, धरली नाही. वीस वर्षं काउंटरवरून त्यांनी हेच पाहिलं होतं. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "भाऊ, परत एकदा दाखवा."

त्या संध्याकाळी मी तसा चाललो. उचकी नाही, कुंडी नाही. पहिल्या दोन-तीन पावलांना लोक हसले, कारण आदल्या दिवशीच्या हशाची बातमी गावभर झाली होती. मग ते हसायचे थांबले. साखरपुड्याच्या पाटापर्यंत पोहोचायला मला किती वेळ लागला सांगता येत नाही, पण कडुनिंबाची पानं हललेली ऐकू येत होती. दिग्दर्शक आतून माझ्यावर चिडले होते. त्यांचा विनोदी प्रवेश मी घालवला होता. नाटक संपल्यावर मात्र ते म्हणाले, उद्याही असंच कर. वहिनी त्या दिवशी आल्या नव्हत्या.

नर्सिंगवाल्या मुलीनं त्यांना घरी जाऊन सांगितलं असावं. तिसऱ्या दिवशी माझा प्रवेश सुरू असताना त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या दिसल्या. शेवटपर्यंत उभ्या होत्या. नाटक संपल्यावर मी तोंडाचा रंग पुसत बसलो होतो, तेव्हा त्या खोलीत आल्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "सर, तो आला की चप्पल हातात घ्यायचा. वाजू नये म्हणून."

एवढंच बोलून त्या गेल्या. भाऊ दारात होते. ते मला नंतर म्हणाले, की धाकटा भाऊ गेल्यापासून तिनं त्याच्याबद्दल काढलेला हा पहिला शब्द. आमचे तीन दिवस त्याच दिवशी संपले होते. ती हातातली चप्पल मला नाटकात वापरता आली नाही.

भाऊ संतमहात्मा नव्हते. चौथ्या दिवशी पाटी निघाली आणि परमिट रूम उघडली. पण दोन वर्षांनी त्यांनी परवाना पुढे चालू ठेवला नाही. शुगरमुळे पायाला त्रास होता, असं कुणी म्हणालं. मुलाला तो धंदा नको होता, असंही म्हणाले. मी विचारलं, तर म्हणाले, "आता उभं राहवत नाही काउंटरवर." रोजची गिऱ्हाइकं एक-दोन किलोमीटर पुढे दुसरीकडे जाऊ लागली. गार्डनमध्ये नुसतं जेवण राहिलं आणि गर्दी निम्म्यावर आली. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. आमची नाटकं तशीच होत राहिली.

गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले. सकाळी मेंदी कापायला बागेत गेले होते, तिथंच छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

चौदाव्या दिवसानंतर मी वहिनींना भेटायला गेलो. सून चहा ठेवून आत गेली. वहिनीच बोलू लागल्या. भाऊ घरी फार बोलत नसत, हे मला त्या दिवशी कळलं. मला खरं वाटलं नाही. वहिनी म्हणाल्या, की गार्डनमधलं काही मला सांगू नका, असं आपणच त्यांना सुरुवातीलाच बजावलं होतं. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं, की इतकी वर्षं घरात आले की गप्प बसत. बागेत कोण आलं, काय झालं, कशाला हसले, काही नाही. नाटकं सुरू झाल्यावरही ती सवय गेली नाही.

"तिथं बागेत कसे होते ते?" त्यांनी विचारलं. "तुमी पाह्यलं, तुमी सांगा."

मला पहिल्या वर्षाचं आठवलं. शेवटच्या प्रवेशात लाइट गेली होती. इन्व्हर्टरवर काउंटरचे दोन दिवे तेवढे चालत. नाटक थांबवावं लागणार, असं वाटत असतानाच भाऊ गल्ल्यातली मोठी बॅटरी घेऊन पहिल्या रांगेपुढे आले आणि त्यांनी उजेड नर्सिंगवाल्या मुलीच्या तोंडावर धरला. तिचं भाषण लांब होतं. ती जिकडे जाईल तिकडे उजेड गेला. हात खाली न घेता वीसेक मिनिटं ते तसे उभे राहिले. शेवटी त्यांनी दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला, पण उजेड हलू दिला नाही. नाटक पूर्ण झालं.

वहिनी ऐकत होत्या. "लाइट गेली ते माईत हाये," त्या म्हणाल्या. "आमी आत मेणबत्ती लावून बसलो होतो." मग त्यांनी चहाची कपबशी माझ्याकडे सरकवली. "आठ दिवस खांदा शेकला मी त्यायचा. काऊन दुखते म्हटलं, तर म्हणे झोपेत अवघडला."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मी उठायला लागलो, तशी त्यांनी हातानं मला बसा म्हणून खुणावलं आणि सुनेला हाक मारून पोळ्या टाकायला सांगितल्या.

"सांगा सर," त्या म्हणाल्या. "मी ऐकून राह्यली."